नवा कर्नेल, जुना ड्रायव्हर

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ घ्यावे तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो बहुतेक आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा पाहिजे. आता आपल्या घरांतून जे संगणक आहेत ते काय दुकानातून नवेकोरे आणलेले आहेत? एखाद्या कंपनीने मोडीत काढलेले, कुणी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेले, कुणाच्या साहेबांनी बदली झाली म्हणून देऊन टाकलेले. त्यांना हे लाड कोठून परवडणार? तेव्हा पुष्कळ घरांनी मुलांच्या अभ्यासासाठी उबुंटू हा लिनक्सचा प्रकार बसवून घेतला. फुकट आहे, चोरीचा नाही, आणि जुन्या यंत्रावरही चालतो. आमच्या मते हे चांगलेच झाले.

मात्र त्याबरोबर एक तक्रारही घरात शिरली आहे. काल रात्रीपर्यंत वायफाय चालत होते. संगणकाने अपडेट घेतले, सकाळी चालू केला तर वायफायच नाही. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट भरलेला, मुदत दोन दिवसांवर आलेली. मग संगणक रिक्षात घालून दुकानात नेला जातो. दुकानदार दोन मिनिटे पाहिल्यासारखे करतो आणि सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल." पैसे जातात ते जातातच, मुलांच्या नोट्सही जातात, आणि परत येते ते चोरीचे विंडोज.

वाचकहो, अशा वेळी बहुधा संगणकात काहीही बिघडलेले नसते. कर्नेल बदललेला असतो आणि वायफायचा ड्रायव्हर त्याच्या मापाचा राहिलेला नसतो, इतकेच. तो ड्रायव्हर घरच्या घरी, पैसे न मोजता, पुन्हा बांधून घेता येतो. तो कसा, हे आज सांगायचे आहे.

कर्नेल म्हटल्यावर काहींच्या डोळ्यांसमोर मिशीवाला लष्करी अधिकारी उभा राहील. तो कर्नल वेगळा. हा कर्नेल म्हणजे दाण्यातला गर, प्रणालीचा गाभा. कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, डिस्कवर कोठे लिहायचे, कोणती कळ दाबली गेली, हे सगळे तोच पाहतो. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली हा कर्नेल जाहीर केला आणि त्याचे मूळ लिखाण, म्हणजे सोर्स कोड, सर्वांसाठी उघडे ठेवले. आज जगभरची हजारो माणसे त्यात भर घालतात व साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते.

प्रत्येक यंत्राशी बोलण्यासाठी कर्नेलला एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर हे मॉड्यूल नावाच्या सुट्या तुकड्यांच्या रूपात असतात. गरज पडली की कर्नेल त्यांना आत घेतो. यातले बहुसंख्य मॉड्यूल कर्नेलच्या घरचे असतात. त्यांचा सोर्स कोड कर्नेलच्याच सोर्समध्ये असतो, नवा कर्नेल तयार होताना तेही नव्याने तयार होऊन त्याच्याबरोबर येतात. त्यांची चिंता तुम्हाआम्हाला करावी लागत नाही. चिंता आहे ती बाहेरच्या मॉड्यूलांची. रिअलटेक कंपनीची चिप असलेले काही यूएसबी वायफाय अ‍ॅडॉप्टर, जुन्या लॅपटॉपमधील ब्रॉडकॉमची काही वायफाय कार्डे, एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डे, व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम, यांचे मॉड्यूल बाहेरून येतात. आपल्याकडे सर्वांत जास्त त्रास देतो तो पहिला प्रकार, कारण टेबलावरच्या जुन्या संगणकात वायफाय नसतेच. मग नखाएवढा स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर आणून मागे खोचला जातो.

आमच्या वाचक भगिनींपैकी कितीतरी जणी शिलाईकाम करतात, त्यांना पुढची गोष्ट चटकन उमजेल. बाहेरचे मॉड्यूल म्हणजे मापावर शिवलेला ब्लाऊज. गिऱ्हाइकाचे अंग बदलले की जुना ब्लाऊज होत नाही, नवा शिवावा लागतो. त्यासाठी पेपर कटिंग हवे, मापाची वही हवी आणि मशीन हवे. इथे पेपर कटिंग म्हणजे ड्रायव्हरचा सोर्स कोड. मापाची वही म्हणजे कर्नेलचे हेडर, ज्यात त्या विशिष्ट कर्नेलची आतली मापे लिहिलेली असतात. मशीन म्हणजे कंपायलर, लिनक्समध्ये बहुधा जीसीसी. तिन्हींपैकी एक जरी नसले तरी काम अडते. आणि वही त्याच कर्नेलची लागते, शेजारणीच्या मापाने शिवून चालत नाही.

कर्नेलही याबाबत फार काटेकोर आहे. प्रत्येक मॉड्यूलवर ते कोणत्या कर्नेलसाठी बांधले याची खूण असते, तिला व्हरमॅजिक म्हणतात. आमच्यासारख्या कारकुनांना हे पटकन कळते: दाखल्यावरचा शिक्का आणि सन जुळला नाही की अर्ज परत. अशा वेळी पडद्यावर 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' असा शेरा येतो. हा फॉरमॅट शब्द वाचून कृपा करून कुणी डिस्क फॉरमॅट करू नये. दोहोंचा काही संबंध नाही. पण पुष्कळदा प्रकरण इतक्या लांबही जात नाही. उबुंटूत प्रत्येक कर्नेलच्या मॉड्यूलांसाठी वेगळा फोल्डर असतो. जुने मॉड्यूल जुन्या कर्नेलच्या फोल्डरात शाबूत असते आणि नव्याच्या फोल्डरात ते नसतेच. म्हणून वायफाय गायब होते.

यातच पहिला उपाय दडलेला आहे. नवा कर्नेल आला म्हणून उबुंटू आधीचा लगेच काढून टाकत नाही, निदान एक मागचा जपून ठेवतो. संगणक चालू करताना एस्केपची कळ, किंवा फार जुन्या यंत्रावर शिफ्टची कळ, दाबली की ग्रब नावाची यादी येते. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू' या ओळीत शिरले की सगळे कर्नेल क्रमांकांसह दिसतात. रिकव्हरी मोड असे लिहिलेल्या ओळी सोडून मागचा क्रमांक निवडा. संगणक सुरू होईल आणि वायफायही सुरू होईल. मुलीचा अर्ज आधी भरून घ्या. बाकीचे काम रविवारी केले तरी चालते.

आता रविवारचे काम. आमच्या पानावर रोमी अक्षरे नाहीत, म्हणून आज्ञा देवनागरीत देत आहोत; टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टंकाव्यात, कॉलेजात जाणारी मुले ते सहज करतील. 'यूनेम', मग एक जागा सोडून 'वजा आर', अशी आज्ञा दिली की सध्या कोणता कर्नेल चालू आहे त्याचा क्रमांक येतो. तो वहीत लिहून ठेवा.

यानंतर चालू करायचा तो मात्र नवा कर्नेल, कारण बांधणी त्याच्यासाठी करायची आहे. पण नव्या कर्नेलवर वायफाय नाही आणि हेडर तर इंटरनेटवरून आणायचे, मग करायचे काय? इथे पुष्कळ जण अडतात आणि हात टेकतात. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा. केबल मात्र डेटा वाहून नेणारी हवी, काही स्वस्त केबली नुसते चार्जिंग करतात. फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. त्याचा ड्रायव्हर कर्नेलच्या घरचा आहे, त्यामुळे संगणकाला वाटते की वायरचे नेटवर्क जोडले. फोनवर घरचे वायफाय चालू असेल तर बहुतेक फोन तेच पुढे देतात, मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही.

मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल' याच्यापुढे तीन नावे द्यायची: 'बिल्ड-इसेन्शियल', 'डीकेएमएस' आणि हेडरचे पॅकेज. या हेडरच्या पॅकेजाबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आमच्या पाहण्यात निम्मे घोटाळे इथेच होतात. हेडर दोन तऱ्हांनी मिळतात. एक पॅकेज विशिष्ट क्रमांकाचे असते. ते त्या एका कर्नेलपुरते. दुसरे नुसते दिशा दाखवणारे असते, त्याच्या नावात क्रमांक नसतो, 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' असे ते नाव. हे असले की दरवेळी नव्या कर्नेलबरोबर त्याचे हेडर आपोआप येतात. भाच्याने किंवा शेजारच्या दादाने एकदा येऊन ड्रायव्हर बसवून दिलेला असतो, तेव्हा त्याने त्या दिवशीच्या क्रमांकाचे हेडर घेतलेले असतात. त्या दिवशी सगळे चालते. पुढच्या अपडेटला कर्नेल येतो, हेडर येत नाहीत, आणि दादा पुण्याला नोकरीला गेलेला असतो. म्हणून क्रमांक नसलेले पॅकेज घ्यावे. उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप आवृत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी बहुधा त्याचे नाव 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४' असे असते.

डीकेएमएस ही डेल कंपनीतील लिनक्सच्या मंडळींनी २००३ साली तयार केलेली सोय. ड्रायव्हरचा सोर्स कोड एकदा तिच्या स्वाधीन केला की नवा कर्नेल बसताक्षणी ती आपण होऊन मॉड्यूल बांधून त्या कर्नेलच्या फोल्डरात ठेवते. घरात कायमचा शिंपी बसवल्यासारखे आहे. पण मापाची वही नसेल तर हा शिंपी काही करू शकत नाही. तो तसे सांगतो, परंतु अपडेट होताना शेकडो ओळी सरकत असतात, त्यात ते कोण वाचणार?

'डीकेएमएस स्टेटस' अशी आज्ञा दिल्यावर कोणते मॉड्यूल कोणत्या कर्नेलसाठी बसले आहे ते दिसते. नव्या कर्नेलचा क्रमांक दिसून त्यापुढे 'इन्स्टॉल्ड' असेल तर ठीक. क्रमांकच नसेल तर हेडर आणल्यावर 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' द्यावे. दोन-पाच मिनिटे लागतात, जुन्या यंत्राला थोडी जास्त. मग संगणक पुन्हा चालू करावा. ज्यांचा ड्रायव्हर डीकेएमएसशिवाय हाताने बसवलेला आहे त्यांनी त्या सोर्सच्या फोल्डरात जाऊन 'मेक क्लीन', 'मेक' आणि 'सुडो मेक इन्स्टॉल' अशा क्रमाने आज्ञा द्याव्यात. 'मेक क्लीन' वगळू नये, मागच्या मापाची कापलेली तुकडी मध्ये येते. आणि सोर्सचा फोल्डर काम झाले म्हणून टाकून देऊ नये. तो गेला तर पेपर कटिंगच गेले.

हे सगळे नीट होऊनही एक अडचण उरते, ती थोड्या नव्या यंत्रांवर. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नेल आत घेत नाही. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे म्हणतो. उबुंटू घरच्या घरी एक किल्ली बनवून मॉड्यूलवर सही करते, पण ती किल्ली यंत्राने मान्य करावी लागते. त्यासाठी बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या वेळी संगणक चालू करताना निळा पडदा येतो. निळा पडदा पाहिला की घरात धांदल उडते, कुणीतरी घाईने 'कंटिन्यू बूट' दाबते, किंवा नुसते पाहत बसले तर काही सेकंदांत तो आपणच निघून जातो. तिथे 'एन्रोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. संधी हुकली तर 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी' ही आज्ञा 'एन्रोल-की' या पर्यायासह देऊन ती पुन्हा मागता येते.

आता अवघड भाग. हेडर आहेत, कंपायलर आहे, तरी बांधणी मध्येच फसते. हे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. टॉरवाल्ड्स यांचा एक कडक नियम आहे: कर्नेल बदलला म्हणून लोकांचे प्रोग्राम बंद पडता कामा नयेत. त्यामुळे जुना प्रोग्राम नव्या कर्नेलवर चालतो. पण कर्नेलच्या आत, त्याचे भाग एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात, तिला असा कोणताही शब्द दिलेला नाही. स्थिर आवृत्त्यांची देखभाल करणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी याची कारणे कर्नेलच्या कागदपत्रांतच लिहून ठेवली आहेत. थोडक्यात म्हणणे असे की आतली रचना कायमची गोठवली तर तिच्यातल्या चुका आणि सुरक्षेची भगदाडेही कायम राहतील. ज्याला हा त्रास नको त्याने आपला ड्रायव्हर कर्नेलच्या घरात आणावा, मग रचना बदलणारा माणूसच तोही दुरुस्त करून देईल. उदाहरणार्थ, २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ मध्ये टायमर लावण्याची पद्धत बदलली, २०२० च्या ५.६ मध्ये प्रॉक नावाच्या फाइली तयार करण्याची. घरच्या ड्रायव्हरांना कळलेही नाही. बाहेरचे पुष्कळ ड्रायव्हर कुणीतरी सुधारेपर्यंत अडून राहिले.

आम्हाला हे धोरण पटते. परंतु त्याची किंमत कोण मोजतो, तेही पाहिले पाहिजे. चिप विकणारी कंपनी सोर्स कोड एकदा देते आणि पुढच्या चिपकडे वळते. कर्नेलवाले म्हणतात, आमच्या घरात नाही, आम्ही जबाबदार नाही. दोघेही आपापल्या जागी सुखी. अडतो तो सर्वांत स्वस्त अ‍ॅडॉप्टर घेणारा. या दोघांच्या मधली दरी काही स्वयंसेवक आपल्या वेळेतून बुजवत असतात. रिअलटेकच्या जुन्या ड्रायव्हरांत नव्या कर्नेलसाठी दुरुस्त्या करून ते फुकट देतात. बांधणी फसली की त्याच चिपचा अलीकडे दुरुस्त झालेला सोर्स कोड शोधावा; नावातली चिप अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. तोवर मागच्या कर्नेलवर काम चालवावे. मात्र वर्षानुवर्षे तिथेच बसू नये आणि भीतीपोटी अपडेट कायमचे बंदही करू नये. अपडेटमधून सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, आणि आता आपल्या घरांतून बँकेचे व्यवहारही याच यंत्रावर होतात.

कधी कधी दोष सोर्सचा नसतो, मशीनचा असतो. उबुंटू २२.०४ वर २०२४ च्या सुरुवातीला ६.५ कर्नेल आला, तो जीसीसी १२ ने बांधलेला होता. त्या उबुंटूचा नेहमीचा कंपायलर मात्र जीसीसी ११. त्याला कर्नेलचा एक पर्याय कळेना, आणि असंख्य ठिकाणी बांधणी फसली. 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२' एवढ्यावर काम होत होते. म्हणून बांधणी फसली की 'मेक डॉट लॉग' ही फाइल उघडून पाहावी. फसण्याचे कारण बहुधा 'एरर' या पहिल्या शब्दापाशी असते, शेवटच्या ओळीत नव्हे.

अपडेटमध्येही दोन प्रकार आहेत. क्रमांकाचा शेवटचा भाग बदलला तर मॉड्यूल पुन्हा बांधावे लागतेच, पण ते सहसा विनासायास होते. पहिले आकडे बदलले की सांभाळून. उबुंटू २४.०४ च्या डेस्कटॉपवर एप्रिल २०२४ मध्ये ६.८ होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.११ आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ६.१४. नवा कर्नेल आला की संगणक बंद करण्यापूर्वीच 'डीकेएमएस स्टेटस' पाहावे. नव्या क्रमांकापुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर वायफाय चालू असतानाच हेडर आणून मोकळे व्हावे. फोन आणि केबलची यातायात वाचते. परीक्षेच्या किंवा अर्जाच्या आठवड्यात हे असले काम काढू नये.

राहता राहिला नवा अ‍ॅडॉप्टर घेण्याचा प्रश्न. खोक्यावर लिनक्स सपोर्ट असे छापलेले असते, त्याचा अर्थ पुष्कळदा बाहेरचा ड्रायव्हर असाच असतो. विकत घेताना चिपचे नाव विचारावे. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या मधेच चिप बदलतात, हेही लक्षात ठेवावे. घरी आधीच असलेल्या अ‍ॅडॉप्टरची ओळख 'एलएसयूएसबी' या आज्ञेने कळते. ते आधी पाहावे, कारण काहींना खरेदीची गरजच उरलेली नाही. रिअलटेक ८८२१सीयू या चिपचा यूएसबी ड्रायव्हर २०२३ च्या ६.२ कर्नेलपासून घरचा झाला आहे, आणि ८८१२एयू व ८८२१एयू यांचे ड्रायव्हरही ६.१४ मध्ये आतच आहेत. अशांनी बाहेरचे मॉड्यूल 'सुडो डीकेएमएस रिमूव्ह' या आज्ञेने, मॉड्यूलचे नाव आणि आवृत्ती देऊन, 'ऑल' या पर्यायासह काढून टाकावे. बाहेरचा ड्रायव्हर बसवताना घरच्या ड्रायव्हरला मनाई करणारी 'ब्लॅकलिस्ट' अशी एक ओळ बहुधा घातलेली असते. 'ईटीसी' मधील 'मोडप्रोब डॉट डी' या फोल्डरातल्या फाइली चाळून ती ओळही काढावी, नाहीतर दोन्ही ड्रायव्हर गेले आणि अ‍ॅडॉप्टर नुसताच लुकलुकत बसला असे होईल. त्यानंतर 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस वजा यू' देऊन संगणक पुन्हा चालू करावा.